४१ हजार फूट, पण अटीसह

विमानाच्या टायरलाही वेगमर्यादा असते. बंबार्डिअर या कॅनडाच्या कंपनीच्या सीआरजे-२०० या ५० आसनी जेटसाठी ती १८२ नॉट आहे, म्हणजे ताशी सुमारे ३३७ किलोमीटर. चाक याहून जोरात फिरलं तर टायर फाटण्याचा धोका. खरी नवलाई पुढेच आहे. ही मर्यादा जमिनीवरच्या वेगाची. पंखांना मात्र फक्त हवेतला वेग कळतो. उंचावरच्या विमानतळावर, भर उन्हात हवा विरळ होते. त्या हवेत उचललं जाण्यासाठी विमानाला धावपट्टीवर अधिक जोरात धावावं लागतं. समोरच्या वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसत असतो आणि खाली चाकं आपल्या मर्यादेजवळ पोचलेली असतात!

असे कितीतरी आकडे वैमानिकाला तोंडपाठ असावे लागतात. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत ‘मर्यादा’ हे स्वतंत्र प्रकरण असतं. विमानाला प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा ते मंजूर करते आणि ते पाळणं कायद्याने बंधनकारक असतं. सीआरजे-२०० चंच घ्या : उड्डाण करताना किंवा उतरताना पाठीमागचा वारा १० नॉटपेक्षा जास्त नको. १५ हजार फुटांच्या वर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, उघडायचे नाहीत. परीक्षक विचारतो, वैमानिक घडाघडा सांगतो. पण या प्रत्येक आकड्यामागे निसर्गाचा एकेक नियम उभा आहे.

कमाल वेगाचंच बघा. या विमानाला कमाल वेगाची एक मर्यादा नाही, दोन आहेत. खालच्या दाट हवेत ३३५ नॉट, कारण तिथे हवेचा दाब सांगाड्यावर आदळतो. वर गेल्यावर मात्र हिशेब ध्वनीच्या वेगाशी, ०.८५ माखच्या, म्हणजे त्याच्या ८५ टक्क्यांच्या, आत. थंड हवेत ध्वनीचा वेगच कमी होतो : समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर, तर उंचावरच्या उणे ५६ अंश सेल्सिअसच्या हवेत सुमारे १,०६०. विमान त्या वेगाच्या फार जवळ गेलं की पंखावरून वाहणारी हवा जागोजागी ध्वनीपेक्षा वेगवान होते, आघातलहरी उठतात आणि पंखाची पकड बिघडू लागते. म्हणून वैमानिकासमोरच्या पडद्यावरची वेगमर्यादेची पट्टी स्थिर नसते; विमान वर चढेल तशी ती खाली सरकते.

आणि सर्वांत उंच आकडा म्हणजे ४१ हजार फूट. जवळपास साडेबारा किलोमीटर! एव्हरेस्टही साडेतीन किलोमीटर खाली राहतं. हवेची घनता तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव. सीआरजेला तिथवर जायची परवानगी आहे.

१४ ऑक्टोबर २००४ च्या रात्री अमेरिकेतल्या लिटल रॉकहून मिनिआपोलिसकडे एक सीआरजे-२०० रिकामंच निघालं होतं. पिनॅकल एअरलाइन्सचं विमान, आत फक्त दोन वैमानिक. या उंचीला पोचलेल्यांचा ‘४१०’ नावाचा एक अनौपचारिक गट वैमानिकांमध्ये होता, आणि दोघांनाही ती उंची गाठायची होती. त्यांनी ऑटोपायलटला ठरावीक गतीने चढत राहायला सांगितलं. इंजिनांत तेवढी ताकद उरली नव्हती, म्हणून विमान वेग खर्च करून उंची विकत घेत गेलं. ४१ हजारांवर ते पोचलं खरं, पण तरंगत राहण्याइतका वेग शिल्लक नव्हता. विमानाने आपणहून नाक खाली दाबलं. वैमानिकांनी ते पुन्हा पुन्हा वर ओढलं. शेवटी पंखांवरची हवा सुटली. शेपटीजवळच्या इंजिनांना मिळणारा प्रवाह विस्कटला आणि दोन्ही इंजिनं विझली.

हवेच्या झोताने इंजिन फिरवून पुन्हा पेटवायचं, तर ३०० नॉट वेग लागतो, हाही पुस्तिकेतलाच आकडा. तो त्यांनी गाठलाच नाही. दरम्यान इंजिनाचे तापलेले भाग कमी-अधिक वेगाने थंड होत गेले, त्यांच्यातली बारीक फट मिटली आणि गाभा फिरेना. वाटेतल्या जेफरसन सिटी शहरातल्या घरांमागे विमान कोसळलं. दोघेही गेले, जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

४१ हजारांची परवानगी खरीच होती. पण तिच्यासोबत वजन, तापमान आणि चढतानाचा वेग यांच्या अटी होत्या. मला वाटतं, या साऱ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे : मर्यादेचा आकडा कधीच एकटा नसतो.

हे आकडे टेबलावर बसून ठरत नाहीत, तेही लक्षात ठेवायला हवं. चाचणी-वैमानिक विमानाला मुद्दाम कडेपर्यंत नेतात. याच जातीच्या एका विमानाची चाचणी चालू असताना २६ जुलै १९९३ रोजी कॅन्सासमध्ये ते कोसळलं आणि तीन जणांचा जीव गेला.

आपल्या कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर ७६ आसनी एम्ब्राएर १७५ जेट चालवते. त्या विमानाचे आकडे वेगळे, पण हिशेब हाच. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २ हजार फुटांवर आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिथली हवाही विरळ होते. तेव्हा कधी कोणत्याही विमानतळावर वजन जास्त होतंय म्हणून सामान मागे ठेवावं लागलं, किंवा वारा फिरला म्हणून उड्डाण थांबलं, तर काउंटरवरच्या माणसावर चिडू नका. वैमानिकाला त्याचं ‘मर्यादा’ प्रकरण पाळू द्या.