फुप्फुस कर्करोग : प्रारण चिकित्सेनंतरची शस्त्रक्रिया

फुप्फुसाच्या कर्करोगावर प्रारण चिकित्सा (भेदक किरणांचा उपचार) झाल्यानंतर रोगग्रस्त भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. तिचे दोन प्रकार आहेत. गाठ फुप्फुसाच्या शिखराशी असून छातीच्या भित्तीत शिरली असल्यास, किंवा रोग छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथींत मर्यादित प्रमाणात पसरला असल्यास, काही निवडक रुग्णांत प्रारण व रासायनी चिकित्सेनंतर शस्त्रक्रिया करावयाचे आधीच ठरविलेले असते. प्रारणांची पूर्ण मात्रा (सु. ६० ग्रे) देऊनही त्याच जागी रोग उरल्यास वा उलटल्यास करावी लागणारी शस्त्रक्रिया हा दुसरा व विरळा प्रकार होय.

प्रारणांमुळे निरोगी ऊतकांनाही (समान कोशिकांच्या समूहांनाही) इजा होते. कालांतराने तेथे तंतुमय ऊतक वाढून रक्तवाहिन्या व श्वासनलिका परस्परांस चिकटतात आणि रक्तपुरवठा घटतो. त्यामुळे श्वासनलिकेचे कापलेले टोक नीट भरून न येण्याचा धोका असतो. ते बहुधा बरगड्यांमधील स्नायूच्या पट्टीने झाकतात. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया सामान्यतः ४ ते ८ आठवड्यांत करतात. दाहामुळेही क्रमवीक्षणात रोगाचा भास होत असल्याने ऊतकाचा नमुना तपासणे आणि श्वसनक्षमता मोजणे आवश्यक ठरते.

उत्तर अमेरिकेतील ३९६ रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २००९) शस्त्रक्रियेमुळे एकूण आयुर्मर्यादेत निश्चित वाढ आढळली नाही. फुप्फुसाचा एक खंड काढलेल्या ९८ रुग्णांपैकी १ दगावला, तर संपूर्ण फुप्फुस काढलेल्या ५४ पैकी १४ दगावले. म्हणजे किती भाग काढावा लागणार, हा प्रश्न निर्णायक होय.

सोलापूर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र असून विडीचे धूम्रपान हे या रोगाचे एक प्रमुख कारण आहे. याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. क्षयरोगाने आधीच फुप्फुसावर व्रण पडले असल्यास शस्त्रक्रियेसाठी लागणारी श्वसनक्षमता आणखी कमी असते. प्रारणे जवळच्या रुग्णालयात व शस्त्रक्रिया सु. ४५० किमी. दूर मुंबईस व्हावयाची असल्यास वेळ निसटू शकते. म्हणून छातीचे शल्यचिकित्सक व प्रारण चिकित्सक यांनी पहिल्या प्रारणमात्रेपूर्वीच एकत्र निर्णय घेणे हितावह असते. श्वसनक्षमता अपुरी असल्यास शस्त्रक्रिया टाळून औषधोपचार चालू ठेवणे हाही उपचाराचाच भाग होय. [⟶ कर्करोग].