रथ चोरीला गेला, चला आणायला!

दोस्तांनो, दसऱ्याच्या रात्री तुमच्याकडे काय होतं? आमच्या रायपुरात डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मैदानावर भलामोठा रावण धडधडून पेटतो. पण इथून सुमारे 300 किलोमीटरवर, बस्तरमधल्या जगदलपुरात, त्या रात्री रावण जळतच नाही. तिथे चक्क रथ चोरीला जातो! तोही आठ चाकांचा, घराएवढा उंच, शेकडो माणसांनी ओढला तरच हलणारा.

हे ऐकलं आणि माझी भाची हटूनच बसली, "मावशी, ही चोरी मला बघायचीच!"

मग काय, निघालो. धमतरी मागे पडलं, कांकेर गेलं, केशकाल घाटाची वळणं मोजता मोजता भाचीची बोटं संपली. जगदलपूर आलं आणि ती एकदम ओरडली, "मावशी, मराठी पाटी!" पाटीवर लिहिलं होतं, 'आमचो बस्तर'. ती भाषा होती हलबी. आपण 'आमचा' म्हणतो, हलबी बोलणारे 'आमचो' म्हणतात. आपल्या '-चा'चं काम तिथे '-चो' करतो. इतक्या दूर जंगलात आपल्या भाषेची एक नातलग भेटली!

आता चोरीची गोष्ट. पंधराव्या शतकात बस्तरचा राजा पुरुषोत्तमदेव जगन्नाथपुरीला गेला होता. तिथे त्याला 'रथपती' ही पदवी आणि सोळा चाकांच्या रथाचा मान मिळाला, असं सांगतात. पण सोळा चाकांचं धूड रस्त्यावरून वळवायचं कसं? म्हणून चाकं वाटली गेली. चार गेली जगन्नाथाच्या रथाला, चार दसऱ्याच्या फूलरथाला आणि आठ विजयरथाला. करा बेरीज. सोळा! रथावर विराजमान होतं ते दंतेश्वरी देवीचं छत्र, कारण इथला दसरा देवीचा. आणि तो चालतो तब्बल 75 दिवस! श्रावणाच्या तोंडावर, हरेली अमावस्येला, रथासाठी आणलेल्या पहिल्या लाकडाची पूजा होते आणि उत्सव सुरू होतो.

एकदा म्हणे लोक राजावर रुसले. रात्री त्यांनी रथच पळवला आणि कुम्हडाकोटच्या सालवनात नेऊन ठेवला. राजा त्यांच्याकडे गेला, त्यांच्या पंगतीला बसून नव्या भाताचं अन्न जेवला. रुसवा गेला, रथ परत आला.

ही गोष्ट तिथे कुणी नुसती सांगत बसत नाही. दर वर्षी ती करतात. दसऱ्याच्या रात्री, म्हणजे 'भीतर रैनी'ला, रथ पळवतात. दुसऱ्या दिवशी, 'बाहर रैनी'ला, राजघराण्यातली मंडळी कुम्हडाकोटला जाऊन नवं अन्न खातात आणि रथ परत आणतात.

आम्ही गर्दीत एका कडेला उभ्या होतो. दोरांना माणसंच माणसं लगडलेली. एकच आरोळी उठली, सगळ्यांनी एकदम हिसडा दिला. रथ ढिम्म! दुसरा हिसडा. लाकूड कुरकुरलं. तिसऱ्याला चाकं फिरली, आणि एकदा फिरल्यावर रथ चालायलाच लागला. "आधी हलत नव्हता, मग आता कसा पळतोय?" भाचीने विचारलं. त्याचं कारण घर्षण. लाकडी चाक लाकडी आसावर बसलेलं असतं आणि वर सगळ्या रथाचा भार. थांबलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना जास्त घट्ट धरून ठेवतात, सरकू लागले की पकड थोडी सैल होते. शिवाय थांबलेल्या एवढ्या वजनाला वेग द्यायचा तोही सुरुवातीलाच. म्हणून पहिला हिसडा सगळ्यांचा एकदम लागतो. एकेकट्याने ओढून भागत नाही.

आणि तो दोर! परंपरेने तो 'सियाडी' वेलीच्या सालीचा वळतात. सियाडीचं पान बघाल तर हसाल. आपट्याचंच पान, पण ताटलीएवढं! सियाडी आपट्याच्याच कुळातली. आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, तिथे त्याची ही नातलग देवीचा रथ ओढते.

पण साल तर हाताने फाटते, मग तिचा दोर रथ कसा ओढतो? आजीकडून चिमूटभर कापूस घ्या. ओढा. लगेच सुटला ना? आता तेवढाच कापूस बोटांनी पिळून वात करा आणि ओढा. आता जोर लावावा लागेल. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात. जितकं ओढाल तितके ते एकमेकांना आवळतात. म्हणजे रथाला अडवणारं घर्षणच दोराला तुटू देत नाही!

आता जाड सुतळी घ्या. दोघांनी दोन टोकं धरून ती खूप पिळा आणि ताणलेली ठेवूनच मध्यावर दुमडा. मग सोडा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतील! प्रत्येक पदराला उलगडायचं असतं, पण उलगडता उलगडता तो दुसऱ्याला मिठी मारतो. दोर वळणाऱ्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

रथचोरीसारखा जुना प्रसंग पुन्हा जगणारे लोक दूर जर्मनीतही आहेत. लान्ड्सहूट गावात 1475 साली एक राजेशाही लग्न झालं. गावकरी 1903 पासून त्याची वरात पुन्हा काढतात. आता ती चार वर्षांतून एकदा निघते आणि दोन हजारांहून जास्त माणसं तिच्यात भाग घेतात. खोटे केस चालत नाहीत, म्हणून आधीपासून केस वाढवतात. डिंकेल्सब्यूल गावात तर मुलंच नायक. 1632 साली स्वीडनचं सैन्य वेशीवर आलं, तेव्हा मुलांनी सेनापतीला विनवून गाव वाचवलं, अशी तिथली आख्यायिका. दर जुलैत तिथली मुलं तो प्रसंग पुन्हा करतात.

जगदलपूरला मला सगळ्यात मोठं नवल वाटलं ते सुतारांचं. बेडा उमरगाव आणि झार उमरगाव या गावांचे सुतार रथ घडवतात. चाकाच्या मधोमध आसासाठी भोक पाडतात, त्याचाही एक विधी असतो, 'नार फोडनी'. भोक घट्ट झालं तर चाक फिरणार नाही, सैल झालं तर डगमगेल. किती पाडायचं ते हाताला कळतं, आणि हाताला ते कळतं पुन्हा पुन्हा केल्याने. रथ एकदाच बनवून संग्रहालयात ठेवला असता, तर रथ टिकला असता. पण तो बनवणारे हात? ते राहिले नसते.

रायपूरला परतल्यावर भाचीने सुतळीचा दोर वळला, खेळण्यातल्या ट्रकला बांधला आणि ओढला. पहिला दोर तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याला तिने पीळ आणखी घट्ट दिला, आणि ट्रक विटांचा ढीग घेऊन अंगणभर फिरला.

तुमचा दोर कितव्यांदा टिकला?