टेपचा चिकट डाग

जीपच्या कापडी हुडाला मागे प्लास्टिकची पारदर्शक खिडकी असते. ती फाटली की आपण टेप लावतो. उन्हात टेप वाळते, पण गोंद तिथेच राहतो आणि धूळ धरून काळा पडतो. मग हात पेट्रोलकडे किंवा थिनरकडे जातो. तो आवरावा, असे माझे सांगणे आहे. ही काच नव्हे, पीव्हीसी आहे. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. थिनर गोंदाबरोबर प्लास्टिकही खातो. खिडकी कायमची धुरकट होते आणि मागून येणारा ट्रक दिसत नाही.

मी साधा उपाय करतो. आधी भरपूर पाण्याने धूळ धुवावी. कोरडे पुसले तर ओरखडे उठतात. कोमट पाण्याचे फडके टेपवर दहा मिनिटे ठेवावे. मग टेपचे टोक नखाने उचलून, मागे दुमडत, सावकाश सोलावे. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून पाव तास थांबावे. गोंद सुटला की सुती कापडाने टिपावा आणि साबणाच्या पाण्याने खिडकी धुवावी. ब्लेड आणि तारेची घासणी दूरच ठेवावी.

तडकलेली, पिवळी पडलेली खिडकी मात्र तेलाने सुधारत नाही. तिथे हूड शिवणाऱ्याकडून नवा तुकडाच बसवून घ्यावा.