ओढीला पल्ला नसतो : गालिच्यातली धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनर

नागपूरच्या उन्हाळ्यात कुलरशिवाय घर चालत नाही. कुलरसमोर दहा फुटांवर बसलेल्या माणसाचेही केस उडतात. आता त्याच कुलरच्या मागे, जाळीपासून हातभर अंतरावर उभे राहा. वारा जवळजवळ जाणवत नाही. पुढून जेवढी हवा बाहेर पडते तेवढीच मागून आत शिरते. मग हा फरक का? याचे उत्तर सापडले, की घरातला गालिचा व्हॅक्यूम क्लीनरने नीट कसा साफ करावा हेही कळते.

वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “कुलरला तीन बाजूंनी जाळ्या आहेत. जागा मोठी, म्हणून हवेचा वेग कमी.” त्याचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून प्रयोगासाठी टेबलफॅन घ्या; त्याचे तोंड आणि पाठ सारख्याच आकाराची असतात. काठीला कागदाची पातळ पट्टी बांधा. पंख्यापुढे दोन मीटरवरही पट्टी फडफडेल. मागे मात्र हातभर अंतरावरच ती जेमतेम हलेल.

बाहेर फेकलेल्या हवेला दिशा असते. ती झोताच्या रूपाने सरळ पुढे जाते. आत येणाऱ्या हवेला अशी एक दिशा नसते. पंख्यामागे दाब किंचित कमी होतो आणि सभोवतालची हवा सगळीकडून तिथे ढकलली जाते. सगळीकडून थोडी थोडी आल्यामुळे तोंडापासून जरा दूर गेले, की तिचा वेग झपाट्याने कमी होतो. हवा खेळवण्याच्या तंत्रात यासाठी एक ढोबळ नियम वापरतात. नळीतून फुंकलेल्या झोताचा वेग सुमारे एक दशांश व्हायला नळीच्या व्यासाच्या ३० पट अंतर लागते. ओढणाऱ्या नळीसमोर मात्र एक व्यासाएवढ्या अंतरावरच वेग एक दशांशापर्यंत उतरतो. फुंकर घालून मेणबत्ती विझते, पण श्वास आत ओढून ती विझवता येत नाही, याचे कारण हेच.

मुलांना शीतपेयाची नळी आणि कागदाचे बारीक कपटे द्या. फुंकर मारली, की वीतभर अंतरावरचे कपटे उडतील. ओढायचे झाले, तर नळी कपट्याला जवळजवळ टेकवावी लागेल.

ही गोष्ट ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याच्या उपयोगी पडली. १९०१ साली लंडनमध्ये त्याने हवेच्या झोताने धूळ उडवणारे एक यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा इकडेतिकडे बसत होती. ती उलट ओढून घेतली तर? बूथने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने हवा ओढली. रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात.

‘व्हॅक्यूम’ या नावाने मात्र थोडी दिशाभूल होते. यंत्रात निर्वात पोकळी नसते. घरगुती यंत्राचे तोंड पूर्ण बंद केले, तरी आतला दाब साधारण पाचव्या भागाने कमी होतो, इतकेच. बाहेरची हवा त्या कमी दाबाकडे धावते आणि वाटेतली धूळ सोबत नेते. धूळ वाहून नेते ती ही वाहती हवा. हवा थांबली, की सफाई थांबली.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा. यंत्राच्या नळीवर तळहात ठेवला, की मोटारीचा आवाज चढतो. तिच्यावरचा भार वाढला की कमी झाला? बहुतेक जण “वाढला” म्हणतील. खरे तर तो कमी झाला. ढकलायला हवाच उरली नाही, म्हणून पंखा मोकळा होऊन अधिक वेगाने फिरतो. म्हणून गालिच्यावर तोंड गच्च दाबल्यावर आवाज चढला, तर यंत्र जोरात काम करते आहे असे समजू नये. धुळीची पिशवी भरली किंवा तिच्या कापडाची छिद्रे बुजली तरी असेच होते. शिवाय बऱ्याच यंत्रांत हीच हवा मोटारीला थंड ठेवते. म्हणून पिशवी वेळेवर रिकामी करून घराबाहेर झटकावी.

गालिच्याची खरी अडचण मुळाशी असते. वरची धूळ सहज निघते. पण रेतीचे कण लवेच्या बुडाशी रुतून बसतात. पाय पडला, की त्यांच्या धारदार कडा धागे कापतात. हवेचा प्रवाह तिथवर नीट पोचत नाही, म्हणून कण आधी सुटे करावे लागतात. पाठ्यपुस्तकातले जडत्वाचे उदाहरण इथे कामी येते. गालिचा गच्चीवर दोरीवर उलटा टाकून काठीने झोडपा. गालिचा झटक्यात पुढे जातो, कण जागीच राहतात आणि खाली पडतात. मग यंत्राचे तोंड गालिच्याला टेकवून, पण न दाबता, सावकाश फिरवा. आधी लवेच्या उलट दिशेने, मग आडवे. सतरंजीला लव नसते. तिची धूळ विणीतून खाली झिरपते, म्हणून ती उचलून खालची फरशीही पुसायला हवी.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्राला पाठही असते आणि तिथून फुंकर बाहेर पडते. आपण पाहिलेच, की फुंकर दूर जाते. साध्या कापडी पिशवीतून निसटलेले सूक्ष्म कण ती खोलीभर पसरवते. स्तब्ध हवेत पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रोमीटरचा कण एक मीटर खाली यायला साधारण साडेपाच मिनिटे घेतो. १ मायक्रोमीटरचा कण सुमारे ८ तास. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांजवळच्या वस्त्यांत राखेचे बारीक कणही धुळीत मिसळतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर सफाईच्या वेळी आणि नंतरही काही तास त्याला त्या खोलीत बसवू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शक्य असल्यास बारीक कण अडवणारी, ‘हेपा’ गाळणी असलेली यंत्रे घ्यावीत.

दम्याला चाळवणारे धुळीतले माइट हे सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे प्राणी. ते धाग्यांना घट्ट धरून असतात, म्हणून जिवंत माइट यंत्राने फारसे निघत नाहीत. कोरड्या हवेत मात्र ते सुकून मरतात. नागपूरचे मे महिन्यातले ऊन या कामी उत्तम. पण कुलरच्या दमट खोलीतला गालिचा आपोआप कोरडा होत नाही, तो गच्चीवरच न्यावा लागतो. मेलेल्या माइटची विष्ठा आणि अवशेषही त्रास देतात. म्हणून ऊन दाखवल्यावर झोडपणे आणि यंत्र फिरवणे टाळू नये.

शेवटी बूथचा प्रयोग घरी करून पाहा. यंत्राची नळी आणि पुढचे तोंड यांच्या सांध्यात पांढरा रुमाल ताणून बसवा. गालिच्यावर सारख्या आकाराचे दोन चौकोन आखा. एकावर तोंड भराभर एकदा फिरवा, दुसऱ्यावर रुमाल बदलून तेच सावकाश एकदा फिरवा. दोन्ही रुमाल वर्गात शेजारी शेजारी लावा. घाईने आणि सावकाश केलेल्या सफाईतला फरक मुलांनाच सांगू द्या.