धूर गेला, पण पाणी कुठे गेलं?

आपल्या पट्ट्यात केमिकल कंपनीतली आग कुणाला नवी नाही. जानेवारी 2024 मध्ये बदलापूरच्या खरवई एमआयडीसीत पहाटे स्फोट झाला, 23 मे 2024 ला शेजारच्या डोंबिवलीत अमुदान कंपनीत. ग्रुपवर धुराचे व्हिडिओ फिरले, दोन-तीन दिवसांनी विषय संपला. धूर म्हणजे नोटिफिकेशन हो, स्टोरेज मातीत भरतं.

होतं काय, तर आग विझवायला बंब पाणी आणि फोम मारतात. मारायलाच हवं. पण फुटलेल्या ड्रममधलं रसायन घेऊन ते पाणी बाहेर पडतं: गटारात, कंपाउंडमागच्या मोकळ्या जागेत, नाल्यात. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं आणि रंग ऱ्हाइनमध्ये गेले, नदी लाल झाली, हजारो ईल मासे मेले. ते पाणी अडवायला पुरेशी टाकीच नव्हती.

आता आपली जमीन बघा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट थोडं उडून जातं, उरलेलं भेगांतून खाली उतरतं आणि बोअरवेलच्या पाण्यात मिसळू शकतं. शिसं, क्रोमियम यांचं मात्र विघटन होतच नाही. ते मातीच्या कणांना चिकटून बसतात, उन्हाळ्यात धुळीबरोबर उडतात, पावसात वाहून जातात. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातूनच जाते, हे विसरू नका.

मग माती तपासून घ्यायची? हो, पण शेतीवाली तपासणी इथे चालत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे कळतं. शिसं किंवा सॉल्व्हंट नाही. लॅबला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: त्या गोदामात नेमकं काय साठवलं होतं?

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. त्यात नागरिकांच्या तक्रारीवरूनही स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन एखादी जागा संशयित यादीत घालू शकतं, आणि पुढची प्राथमिक तपासणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची असते. तक्रार लेखी द्या, पोचपावती घ्या. आगीची तारीख, पाणी कुठल्या बाजूला वाहिलं, जवळ बोअरवेल किंवा मुलांचं मैदान आहे का, हे लिहा आणि लांबून काढलेले फोटो जोडा. स्वतः माती उकरायला जाऊ नका. आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आधी.