विजेचा दाब आणि संगणकाचें स्थैर्य

दिव्याचा उजेड मंदावला किंवा पंखा हळू फिरूं लागला, कीं ‘आज व्होल्टेज कमी आहे’ असें घरांतील लहान मूलही म्हणतें. फ्रिजसाठीं स्टॅबिलायझर असतो, संगणकासाठीं यूपीएस असतो. आणि एवढी व्यवस्था झाली कीं दाबाविषयींची काळजी संपली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु भिंतींतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेखेरीज संगणकाच्या पोटांत दुसरा एक दाब नांदत असतो. तो जेमतेम एक ते दीड व्होल्ट असतो, स्टॅबिलायझरचा त्याच्यावर कसलाही अधिकार चालत नाहीं, आणि टेबलावरील संगणकाचें स्थैर्य, त्याची उष्णता व त्याचें आयुष्य हीं तिन्ही त्याच्याच हातीं असतात.

हा दाब तयार होतो तो असा. संगणकाच्या पेटींतील पॉवर सप्लाय २३० व्होल्टची वीज घेऊन १२ व्होल्टची करतो. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोंवतीं जीं दाब-नियंत्रक मंडलें बसविलेलीं असतात, तीं या १२ व्होल्टचे सुमारें सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. प्रोसेसर २५० वॅट शक्ति घेत असेल आणि दाब सव्वा व्होल्ट असेल, तर प्रवाह होतो २०० अँपिअर! स्नानगृहांतील गीझरची जाड पिनेची जोडणी १५-१६ अँपिअरांसाठीं असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. एवढा प्रवाह वाहूं लागला कीं वाटेंतील अत्यल्प रोधही जाणवतो. एक ओहमचा हजारावा भाग एवढाच रोध असला, तरी २०० अँपिअरांना एक पंचमांश व्होल्ट दाब वाटेंतच खर्ची पडतो. म्हणून काम वाढलें कीं प्रोसेसरपाशीं पोंचणारा दाब खालीं येतो आणि काम थांबलें कीं तो वर चढतो. हा चढउतार क्षणोक्षणीं चालूं असतो.

दाब लागतो तरी कशासाठीं? वरच्या मजल्यावर पाणी भरणाऱ्या गृहिणीला याचें उत्तर ठाऊक आहे. नळाला दाब असेल तर हंडा झटकन भरतो. दाब कमी असेल तर पाणी जाण्याची वेळ येते तरी हंडा अर्धाच असतो. प्रोसेसरमधील प्रत्येक ट्रान्झिस्टरपुढें असाच एक अतिसूक्ष्म हंडा असतो. तो विद्युद्भारानें भरला म्हणजे ‘एक’ आणि रिता झाला म्हणजे ‘शून्य’. ६ गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरमध्यें सेकंदाला ६०० कोटी ठोके पडतात, आणि हंडा भरण्याचें किंवा रिकामा होण्याचें काम दोन ठोक्यांच्या मधल्या अवधींत पुरें व्हावें लागतें. दाब अपुरा पडला तर ठोका पडतो तेव्हां हंडा अर्धवट असतो. एकाच्या जागीं शून्य वाचलें जातें आणि हिशेब चुकतो. वेग जितका जास्त, तितका अवधि कमी. आणि अवधि जितका कमी, तितका दाब अधिक लागतो.

मग दाब सढळ हातानें कां देऊं नये? कारण त्याची किंमत वर्गाच्या पटीनें मोजावी लागते. दाब वाढला कीं प्रत्येक हंड्यांत भार अधिक मावतो, आणि तो भार अधिक दाबानें ढकलावा लागतो. म्हणून खर्च होणारी शक्ति दाबाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणांत बदलते. उदाहरणार्थ, वेग तोच ठेवून दाब १·४० व्होल्टवरून १·२६ व्होल्टवर, म्हणजे एक दशांशानें, उतरविला, तर १०० वॅटच्या जागीं ८१ वॅट पुरतात. २०० वॅट घेणारा प्रोसेसर १६२ वॅटांत तेंच काम करतो. रोज आठ तास असें भारी काम चालत असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यांत ९ युनिटें वीज वांचते, आणि तेवढीच उष्णता खोलींत पसरत नाहीं. नागपूर-अकोल्याच्या वैशाखांत हा लाभही लहान म्हणतां येत नाहीं.

हा दाब उतरवीत नेण्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९७१ सालीं इंटेलनें ४००४ नांवाचा प्रोसेसर विक्रीस आणला. त्यांत २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला १५ व्होल्टचा दाब लागे. १९७४ सालीं आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखवून दिलें, कीं ट्रान्झिस्टरचा आकार आणि दाब एकाच प्रमाणांत कमी करीत गेल्यास जागेच्या मानानें उष्णता वाढत नाहीं. त्या नियमाच्या आधारावर पुढील तीस वर्षें दाब ५ व्होल्ट, ३·३ व्होल्ट असा उतरत एका व्होल्टच्या आसपास आला. परंतु २००५ च्या सुमारास ही उतरण थांबली. दाब आणखी उतरवावा तर बंद केलेला ट्रान्झिस्टरही नादुरुस्त तोटीप्रमाणें झिरपूं लागतो. तेव्हांपासून वेगाच्या प्रत्येक नव्या पायरीची किंमत दाब आणि उष्णता यांच्या रूपानें द्यावी लागत आहे. आणि शेवटच्या कांहीं पायऱ्या तर फारच महाग पडतात.

ही किंमत हिशेबाबाहेर गेली म्हणजे काय होतें, याचें ठळक उदाहरण इंटेलच्याच तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांत पहावयास मिळालें. ऑक्टोबर २०२२ मध्यें आय-नाइन १३९००के हा प्रोसेसर बाजारांत आला. त्याचा कमाल वेग ५·८ गिगाहर्ट्झ होता. पुढच्याच वर्षीं आलेल्या १४९००के या प्रोसेसरनें तो ६ गिगाहर्ट्झवर नेला. या दोहोंची कमाल शक्ति इंटेलनें २५३ वॅट ठरविली होती. परंतु अनेक मदरबोर्डांवर कारखान्यांतूनच ही मर्यादा ४०९६ वॅट अशी घातलेली असे. एवढी शक्ति कोणताही घरगुती प्रोसेसर घेऊं शकत नाहीं. म्हणजे मर्यादा अशी नव्हतीच.

कांहीं महिन्यांनीं तक्रारी येऊं लागल्या. खेळ सुरू होतांना बंद पडत आणि ‘चित्रस्मृति अपुरी आहे’ असा संदेश पडद्यावर येई. ज्यांच्यापाशीं भरपूर स्मृतीचें ग्राफिक्स कार्ड होतें, त्यांनाही तोच संदेश! साहजिकच दोष खेळाला लागला, ग्राफिक्स कार्डाला लागला. वस्तुतः घडत होतें तें असें: खेळ सुरू होतांना दाबून बसविलेली माहिती उलगडण्याचें काम प्रोसेसर करतो. या कामांत एक अंक चुकला तरी पुढचें सारें बिघडतें आणि चूक ताबडतोब उघडकीस येते. चुकत होता तो प्रोसेसर. चित्रस्मृतीचा कांहींच अपराध नव्हता.

जुलै २०२४ मध्यें इंटेलनें जाहीर केलें, कीं प्रोसेसरच्या पोटांतील सूचनावली, जिला मायक्रोकोड म्हणतात, तीच नियंत्रकाकडे वाजवीपेक्षां अधिक दाब मागत होती. ऑगस्टमध्यें दिलेल्या सुधारणेनें ही मागणी १·५५ व्होल्टच्या आंत बांधून ठेवली. सप्टेंबरमध्यें संपूर्ण कारणमीमांसा प्रसिद्ध झाली. प्रोसेसरमधील ठोके वांटणारें जें मंडल, तें अधिक दाब आणि अधिक उष्णता यांमुळें अकालीं झिजत होतें. झीज झाली कीं पूर्वी जेवढ्या किमान दाबांत प्रोसेसर अचूक चाले, तेवढा त्याला पुरेनासा होतो. मदरबोर्डांवरील सैल मर्यादा हें या झिजेचें एक कारण होतें. दुसरें कारण अधिक विस्मयकारक होतें: यंत्र जवळजवळ स्वस्थ असतां किंवा हलकें काम करीत असतांही दाबाची मागणी वर चढत होती. भारी कामांत प्रवाह वाढून दाब खालीं तरी येतो. हलक्या कामांत एखादाच गाभा अत्युच्च वेगानें धांवतो आणि त्याला पुरा दाब सोसावा लागतो. म्हणजे ज्या संगणकावर दिवसभर केवळ पत्रव्यवहार चालला, तोही सुरक्षित नव्हता. मे २०२५ मध्यें, दिवसेंदिवस चालूं ठेवलेल्या व हलकें काम करणाऱ्या यंत्रांसाठीं आणखी एक सुधारणा द्यावी लागली.

या प्रकरणांतील खेदाची गोष्ट अशी, कीं सुधारणेनें पुढील झीज टळते. झालेली झीज भरून येत नाहीं. झिजलेला प्रोसेसर बदलून घेणें एवढाच उपाय उरतो. त्यांतही एक चकवा आहे. झिजलेला प्रोसेसर चुकूं लागला म्हणजे त्याचा दाब थोडा वाढवितां तो कांहीं काळ नीट चालतो. मालकाला वाटतें, यंत्र बरें झालें. वास्तविक ज्या कारणानें झीज झाली, तेंच कारण त्यानें वाढविलेलें असतें. दाब कमी पडला तर आज चूक होते आणि ती दिसते. दाब जास्त झाला तर आज सर्व कांहीं सुरळीत दिसतें आणि चूक उद्यांवर ढकलली जाते. दाबाच्या व्यवस्थेंतील सारी अडचण या एका गोष्टींत आहे.

आतां घरीं काय करतां येईल? पहिलें काम म्हणजे मदरबोर्डच्या उत्पादकाकडून मिळणारें अद्ययावत बायोस बसविणें; मायक्रोकोडच्या सुधारणा त्यांतूनच येतात. दुसरें काम शक्तीची मर्यादा तपासण्याचें. ती प्रोसेसरच्या उत्पादकानें सांगितलेल्या आंकड्यावर आणावी, आणि वाटल्यास त्याहूनही खालीं. हा उपाय निर्धोक आहे. कारण यांत प्रोसेसर स्वतःच वेग उतरवितो आणि त्या वेगाला योग्य तेवढाच दाब मागतो. एएमडीच्या रायझन-नाइन ७९५०एक्स या प्रोसेसरची मर्यादा २३० वॅट आहे; ‘इको’ नांवाच्या योजनेनें ती ८८ वॅटपर्यंत आणतां येते. शक्ति निम्म्याहून कमी होते, परंतु काम निम्म्यावर येत नाहीं. कारण सोडून दिलेल्या पायऱ्या सर्वांत महाग असतात.

यापुढील उपाय म्हणजे तोच वेग ठेवून दाब उतरविणें. याला वाव असतो, कारण सिलिकॉनचा प्रत्येक तुकडा थोडा निराळा निघतो आणि कारखाना सर्वांनाच कांहीं शिल्लक दाब देऊन ठेवतो. ही शिल्लक किती, हें मात्र तुकड्यागणिक बदलतें. शेजाऱ्याच्या संगणकाला मानवलेला आंकडा आपल्या संगणकाला मानवेलच असें नाहीं. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत प्रथम दुसरीकडे काढून ठेवावी. नंतर एका वेळीं एक शतांश व्होल्ट एवढाच दाब उतरवावा, आणि त्याच वेळीं स्मृतीचा वेग किंवा दुसरें कांहींही बदलूं नये. नाहीं तर चूक कोणामुळें झाली हें कळत नाहीं. प्रत्येक बदलानंतर दोन परीक्षा घ्याव्या: एक कित्येक तास भारी काम देऊन, आणि दुसरी हलक्या कामाची, म्हणजे यंत्र स्वस्थ ठेवून, निजवून व पुन्हां जागें करून. भारी परीक्षेंत उत्तीर्ण झालेला संगणक हलक्या परीक्षेंत नापास होतो, असा अनुभव विरळा नाहीं. प्रत्येक आंकडा, उष्णतामान आणि निकाल वहींत तारखेसह लिहावा. चूक दिसली कीं दोन पायऱ्या मागें येऊन तेथेंच थांबावें. संगणक बंद पडणें ही सौम्य चूक होय. बंद न पडतां एखाद्या हिशेबांत किंवा छायाचित्रांत मुकाट्यानें अंक बदलणें ही खरी भयंकर.

आणि ज्या घरांत इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा संगणक अकारण बंद पडूं लागला असेल, तेथें दाब चढवून दुखणें झांकीत बसूं नये. ऑगस्ट २०२४ मध्यें कंपनीनें या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. सुट्या पेटींतून घेतलेल्या प्रोसेसरला ती एकंदर पांच वर्षें मिळते. अशा घरीं पहिलें काम म्हणजे बायोस नवें बसविणें, आणि त्यानेंही चुका थांबल्या नाहींत तर खरेदीची पावती शोधून काढणें.