उपास नको, माप हवे

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकिकत आहे. द्रोण या त्या काळच्या मोठ्या मापाचा भात जेवून राजा धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाकडून रोज जेवताना म्हणवून घेतली. भात हळूहळू नाळी या लहान मापावर आला आणि अंग हलके झाले.

आमच्या वस्तीत आम्ही पाहतो, वजन वाढते ते रोजच्या चहाने. एक चमचा साखर म्हणजे सुमारे २० कॅलरी. दोन-दोन चमच्यांचे पाच कप झाले की २००! साखर निम्मी करा, शंभर तिथेच वाचल्या. फोडणीला तेल बाटलीतून ओतू नका. लहान चमचाभर तेलातही सुमारे ४५ कॅलरी असतात. डाळ, अंडी, भाजी मात्र तोडू नका. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि भगिनींनो, सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेला भात 'टाकवत नाही' म्हणून तुमच्याच पोटात का जावा? गुडघे तुमचे दुखतात. तांदूळ मोजून घ्या. तरी उरलाच, तर सकाळी सर्वांच्या ताटात वाढा.